परीक्षाप्रधानी आचार्य समंतभद्र
दक्षिण भारतातील दिगंबर आचार्य समंतभद्र हे जैन न्यायाचे आद्य शिल्पकार. श्रवणबेळगोळ येथील शके १०५० च्या मल्लिषेण-प्रशस्तीनुसार वादाची भेरी वाजवीत पाटलिपुत्र, माळवा, कांची अशी मुशाफिरी करून ते महाराष्ट्रातील कऱ्हाडलाही आले. परंतु ११४ कारिकांच्या ‘आप्तमीमांसे’त त्यांनी प्रथम स्वपक्षाचीच परीक्षा घेतली. देवांचे आगमन, आकाशगमन, चामरादी वैभव मायावी जनांपाशीही दिसते. म्हणून ते जिनेंद्रांच्या थोरवीचे प्रमाण होऊ शकत नाही, असे त्यांनी निर्भयपणे मांडले. ज्यांचे वचन युक्तीला व शास्त्राला विरोधी नाही तेच निर्दोष आप्त, हा निकष त्यांनी दिला. याच ग्रंथावर पुढे अकलंकदेवांनी ‘अष्टशती’ व विद्यानंदांनी ‘अष्टसहस्री’ रचली. दुर्बळ युक्तिवाद आपल्या बाजूचा असला तरी त्यागावा, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.