मोलेसरशास्त्री : शब्दकोड्यात अडलेल्यांचे जुने सोबती



शब्दकोड्याची आवड आपल्या बेटावर पुष्कळांना आहे. फ्रेंच दैनिकातील 'मो क्रुआझे' आपण चहा पिता पिता सोडवून टाकतो. पण मुंबई-पुण्याचे एखादे मराठी वृत्तपत्र हाती आले की त्यातील कोड्यापाशी आपली पेन्सिल थांबते. याचे एक कारण लिपीत आहे. फ्रेंच कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसह पुरे अक्षर एकाच घरात लिहितात. 'स्वातंत्र्य' हा एवढा मोठा शब्द, पण त्याला तीनच घरे पुरतात. घरे थोडी म्हणजे आडव्या शब्दाला उभ्या शब्दाचा आधारही थोडा. मग शब्द ठाऊकच असावा लागतो, नाहीतर कोणाची तरी मदत घ्यावी लागते.

अशी मदत घेणे म्हणजे फसवणूक, असे काहींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. असे कोडे पहिल्याने छापले गेले ते २१ डिसेंबर १९१३ रोजी, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात, आर्थर विन यांनी रचलेले. पण मराठी कोडे अडल्यावर ज्यांचा ग्रंथ उघडावा, ते गृहस्थ त्याच्या बेचाळीस वर्षे आधीच वारले होते. त्यांचे सारे आयुष्य लोकांना शब्द विचारण्यात गेले. त्यांचे नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. मराठी लोक त्यांना प्रेमाने मोलेसरशास्त्री म्हणत.

मोल्सवर्थ यांचा जन्म इंग्लंडात १७९५ साली झाला. १८१२ साली, मिसरूडही नीट फुटले नव्हते अशा वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. तेथील लोकांशी बोलायचे तर त्यांची भाषा यावयास हवी, म्हणून ते मराठी शिकू लागले. शिकताना हाताशी पुरेसा कोश नव्हता. ऐकलेला शब्द विसरू नये म्हणून त्यांनी तो टिपून ठेवण्यास आरंभ केला. १८१८ साली पेशवाई संपली. त्या सुमारास ते सोलापुरास होते, आणि शब्दांचा हा संग्रह तेथेच वाढीस लागला. पुढे टॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ त्यांना सहकारी म्हणून मिळाले.

१८२५ च्या सुमारास मुंबई सरकारने कोशाच्या कामास आश्रय दिला. मोल्सवर्थ यांच्या हाताखाली शास्त्री-पंडित नेमले गेले. निरनिराळ्या भागांतून शब्द गोळा करायचे, एकेक शब्द वाचून त्याचा अर्थ विचारायचा, दोन पंडितांचे मत जुळले नाही तर तिसऱ्यास विचारायचे, असे हे काम होते. साहेब प्रश्न करी आणि शास्त्री उत्तर देत. हिंदुस्थानात त्या काळी हुकूम सोडणारे साहेब पुष्कळ होते. विद्यार्थी होऊन बसणारा साहेब विरळाच. 'शास्त्री' ही पदवी लोकांनी त्यांना उगाच दिली नाही.

या काळातील पंडितांनी मराठीचा अर्थ मराठीतच सांगणारा 'महाराष्ट्र भाषेचा कोश'ही तयार केला. तो १८२९ पासून छापून निघाला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत तात्या गोडबोले अशा विद्वानांचे श्रम त्यामागे होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ ग्रंथांतील शब्द नव्हते. बाजारातले, शेतातले, स्वयंपाकघरातले शब्द होते. म्हणी होत्या, शिव्याही होत्या. लोकांच्या तोंडी असलेला शब्द ग्राम्य म्हणून गाळायचा नाही, असा त्यांचा बाणा होता. संस्कृतातून आलेला शब्द कोणता, फारसीतला कोणता, हिंदुस्थानीतला कोणता, याच्या खुणाही त्यांनी केल्या.

अति श्रमाने प्रकृती बिघडली आणि १८३६ साली त्यांना मायदेशी परतावे लागले. हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश अपुरा राहिला होता, तो टॉमस कँडी यांनी पुरा करून १८४७ साली प्रसिद्ध केला. मोल्सवर्थ हे मोठे धर्मनिष्ठ होते. शस्त्र धरण्याची नोकरी आपल्या धर्माशी जुळत नाही, असे मनाने घेतल्यावर त्यांनी सैन्य सोडले. भाषेची सेवा मात्र सुटली नाही. १८५१ साली ते पुन्हा हिंदुस्थानात आले आणि आपलाच कोश पुन्हा पहिल्यापासून तपासू लागले. १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सुमारे साठ हजार शब्द होते. १८६० साली त्यांनी हिंदुस्थानचा कायमचा निरोप घेतला आणि १८७१ साली इंग्लंडात देह ठेवला. बाबा पदमनजी यांनी १८६३ साली या कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली. १९७५ साली पुण्यात मूळ ग्रंथ पुन्हा छापला गेला. आता तर शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर सर्वांसाठी खुला केला आहे.

आता या चरित्राशी आपला संबंध कोठे येतो तो पाहा. कोश निघाला १८३१ साली. करारबद्ध मजुरांना घेऊन 'अ‍ॅटलस' जहाज पोर्ट लुईच्या बंदरात आले ते २ नोव्हेंबर १८३४ रोजी. त्यानंतरच्या वर्षांत आपले पूर्वजही कोकणातून, मुंबईच्या वाटेने, आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. म्हणजे त्यांनी आपल्याबरोबर जी मराठी आणली, ती मोलेसरशास्त्र्यांच्या काळचीच मराठी.

एक उदाहरण घ्या. कोड्यात सूचना आहे, लावणीसाठी तयार झालेली भाताची रोपे. घरे तीन, मधले अक्षर 'र'. उत्तर आहे 'तरवा'. कोकणातील शेतकऱ्यास ते विचारावे लागणार नाही. आपल्याला विचारावे लागते, कारण येथे आपल्या आजोबांच्या वाट्यास उसाचे मळे आले. भाताची लावणी सुटली आणि तिच्याबरोबर तो शब्दही सुटला. असा शब्द कोशात सापडतो तेव्हा केवळ तीन घरे भरत नाहीत, पणजोबांच्या शेताचा बांधही क्षणभर दिसतो.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोशातील शब्द शास्त्र्यांच्या चाळणीतून गेले. मजुरांच्या आणि बायकांच्या बोलीतले सारेच शब्द त्या चाळणीवर पोहोचले असतील असे नाही. तेव्हा आजीच्या तोंडचा एखादा शब्द कोशात मिळाला नाही, तर तो चुकीचा ठरत नाही. तो कोणी विचारला नाही, एवढेच.

अबुधाबीच्या पश्चिमेस रुवैसच्या तेलनगरीत पोटासाठी गेलेला मराठी माणूस असो की येथे कास्कावेलला जन्मलेले आपले मूल असो, मराठी मुलखापासून दूर राहणाऱ्याला शब्द अडणारच. आमची पालकांना विनंती आहे. पुढच्या रविवारी मराठी कोडे घेऊन मुलांसह बसा. अडले तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मग कोश उघडा. आणि आजीने सांगितलेला जो शब्द कोशात नसेल, तो अर्थासह, आजीच्या गावाच्या नावासह, एका वहीत लिहून ठेवा. मोलेसरशास्त्र्यांनीही आरंभ असाच केला होता.