पुतळीबाईंची संमती

महात्मा गांधींच्या चरित्रातील चंपारण्य, दांडी, येरवडा ही स्थळे वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहेत. त्या मानाने १८८८ साली राजकोटच्या घरात जे घडले, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. परदेशी शिक्षणास आईवडिलांची अनुमती मिळेना म्हणून माझ्याकडे शिष्टाईची गळ घालणारे विद्यार्थी अधूनमधून येतात. त्यांना मी ग्रंथालयातून आत्मकथा नेऊन तेवढी प्रकरणे आधी वाचावयास सांगतो.

मोहनदास त्या वेळी अठरा वर्षांचा होता. वडील करमचंद १८८५ साली निवर्तले होते. भावनगरच्या सामळदास कॉलेजात त्याचे मन रमेना, व्याख्याने समजेनात. पहिले सत्र संपवून तो घरी परतला. कुटुंबाचे जुने स्नेही मावजी दवे यांनी तेव्हा सल्ला दिला, की बी.ए. होण्यात चार-पाच वर्षे घालवून साठेक रुपयांची नोकरी मिळणार. त्यापेक्षा मुलास विलायतेस पाठवून बॅरिस्टर करावे. खर्चाचा अंदाज चार ते पाच हजार रुपयांचा होता. मोहनदासाने वैद्यकाची इच्छा बोलून दाखविली. पण वैष्णवाने प्रेताची चिरफाड करू नये, असे वडिलांचे मत असल्याचे थोरल्या बंधूंनी सांगितले आणि तो विषय तेथेच मिटला.

पुतळीबाईंनी प्रथम चुलत्यांकडे बोट दाखविले. घरातील वडील माणूस तेच होते. मोहनदास पोरबंदरास निघाला. धोराजीपर्यंत बैलगाडी आणि पुढे एक दिवस वाचावा म्हणून उंट, असा तो प्रवास झाला. उंटावर बसण्याचा त्याचा तो पहिलाच प्रसंग. चुलत्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. आपण यात्रेस निघालेले वृद्ध, समुद्रोल्लंघनास अनुमती कशी द्यावी, असा त्यांचा पेच होता. मात्र आई हो म्हणत असेल तर आपण आड येणार नाही, असे त्यांनी सांगितले. संस्थानचे प्रशासक लेलीसाहेब यांच्याकडे साहाय्य मागितले, तर आधी बी.ए. हो, असे तुटक उत्तर मिळाले. प्रश्न फिरून आईकडेच आला.

पुतळीबाई आता स्वतः चौकशी करू लागल्या. तरुण मुले तेथे वाया जातात, मांस खातात, मद्यावाचून तेथे चालत नाही, असे नाना लोकांनी त्यांस सांगितले. पदवीची प्रतिष्ठा किंवा पुढील प्राप्ती यांनी या भयाचे निरसन होणे शक्यच नव्हते. मुलावर त्यांचा विश्वास होता. परंतु इतक्या दूर, परक्या लोकांत त्याचे कसे होईल, ही त्यांची शंका होती. अखेर मोढ वाणी ज्ञातीतून जैन साधू झालेले बेचरजी स्वामी यांनी मार्ग काढला. मद्य, मांस आणि परस्त्री यांस स्पर्श करणार नाही, अशी शपथ त्यांनी मोहनदासाकडून घेवविली आणि आईने संमती दिली. आईची भीती त्याने हसण्यावारी नेली नाही, हे मला विशेष वाटते. घरी पत्नी कस्तुरबा आणि तान्हे मूल यांस ठेवून तो मुंबईस निघाला.

मुंबईत ज्ञातीची सभा भरली. वडिलांचे परिचित असलेल्या शेठजींनी जाण्यास मनाई केली. आईची अनुमती आणि साधूसमक्ष घेतलेली शपथ पाठीशी असल्याने हा एरवीचा बुजरा मुलगा बधला नाही. त्यास वाळीत टाकण्यात आले. जो त्यास मदत करील वा गोदीवर निरोप देण्यास जाईल, त्यास सव्वा रुपया दंड ठरला. ज्यांच्याकडे पैसे ठेवले होते, त्या मेहुण्यांनी ज्ञातीच्या धाकाने ते देण्याचे नाकारले. एका स्नेह्याकडून उसने घेऊन तिकीट काढावे लागले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी जहाज सुटले.

लंडनमध्ये शपथ जाचक ठरली. उकडलेल्या बेचव भाज्यांनी पोट भरेना. तिथल्या परिस्थितीचे ज्ञान नसताना, निरक्षर आईपुढे घेतलेल्या शपथेस काय किंमत, असा युक्तिवाद एका मित्राने रोज चालविला. मोहनदासाला वाद घालता येत नसे. शपथ मोडता येणार नाही, एवढेच तो म्हणे. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले, तेव्हा विलायतेस आल्यापासून प्रथमच तो पोटभर जेवला.

१० जून १८९१ रोजी तो बॅरिस्टर झाला आणि दोनच दिवसांनी परत निघाला. आईला केव्हा भेटेन, असे त्यास झाले होते. मुंबईच्या धक्क्यावर थोरले बंधू उभे होते. पुतळीबाई तो विलायतेत असतानाच गेल्या होत्या. परक्या मुलखात आघात नको म्हणून बंधूंनी ती वार्ता दडवून ठेवली होती. वडिलांच्या मृत्यूपेक्षाही हे दुःख त्यास अधिक झाले, तरी त्याने डोळ्यांतून पाणी येऊ दिले नाही.

बंधूंनी त्यास आपल्या नाशिकास नेऊन गोदावरीचे स्नान घडविले आणि राजकोटास ज्ञातिभोजन घातले. ज्ञातीच्या एका तटाने त्यास परत घेतले. दुसऱ्याने घेतले नाही. सासुरवाडीस त्यास पाणीदेखील उघडपणे मिळणे शक्य नव्हते. ती मंडळी चोरून देण्यास तयार होती. त्याने ते घेतले नाही.