घर ओस पडले, देवळे उभी राहिली : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की मराठी मुलखात पहिले नाव ओठावर येते ते पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा दूरदूरच्या क्षेत्री त्यांनी देवळे उभारली, घाट बांधले, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु ही कामे चालू असताना बाईंच्या स्वतःच्या घरावर काय काय ओढवत होते, याची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात येते. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. सुभेदार मल्हारराव होळकरांनी आपला मुलगा खंडेराव याच्यासाठी या मुलीला मागणी घातली आणि बालवयातच त्या होळकरांच्या सून झाल्या. पुढे मालेराव हा मुलगा व मुक्ताबाई ही मुलगी झाली. संसार मार्गी लागला असे वाटत असतानाच १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यातून वाईट बातमी आली. तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले होते. बाईंचे वय तेव्हा अवघे २८ वर्षांचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. परंतु मुलाच्या दुःखाने खचलेल्या मल्हाररावांनी त्यांची विनवणी केली, दौलतीचा भार आता तूच सांभाळ म्हणून गळ घातली. बाईंनी सासऱ्यांचा शब्द मानला. चितेवर न जाता जगणे हे त्या वेळी सोपे नव्हते, लोकांचे बोल ऐकावे लागत. तरी त्या राहिल्या, आणि सासऱ्यांच्या हाताखाली वसूल, हिशेब, फौजेची रसद, तोफा-दारूगोळ्याची तजवीज ही सारी कामे शिकल्या.

१७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा मोड झाला. घरोघर रडारड झाली. त्याच वर्षी सासूबाई गौतमाबाई वारल्या. १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. नातू मालेराव गादीवर आला, पण तो आजारी पडला आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, १७६७ साली, तोही गेला. तेरा वर्षांत नवरा, सासू, सासरे आणि एकुलता एक मुलगा अशी चार माणसे घरातून उठली.

एवढ्यावर भागले नाही. बाई एकटी आहे असे पाहून होळकरांचे कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा घाट घातला आणि राघोबादादांची फौज माळव्यावर चालून आली. बाईंनी डोळे पुसून तयारी केली. शेजारच्या सरदारांना पत्रे गेली, स्वतःची फौज सज्ज झाली. बाईमाणसाशी लढून जिंकलात तर त्यात कीर्ती नाही आणि हरलात तर हसे होईल, अशा अर्थाचा निरोप त्यांनी दादांना धाडल्याचे सांगतात. लढाई टळली. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंच्या कारभारास मान्यता दिली. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवून बाई नर्मदातीरी महेश्वरास राहू लागल्या.

महेश्वरास बातम्यांचा तोटा नव्हता. पुणे, नागपूर, हैदराबाद, लखनौ अशा ठिकाणी त्यांचे वकील असत आणि त्यांची पत्रे सतत येत. पत्रांत चांगले थोडे आणि वाईट फार. १७७२ साली माधवराव पेशवे गेले. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पाठोपाठ इंग्रजांशी युद्ध जुंपले, ते १७८२ पर्यंत चालले. थैली फोडताना आज काय वाचावे लागणार, अशीच ती वर्षे होती.

या सगळ्यात बाईंचा दिवस मात्र ठरल्याप्रमाणे चाले. माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी पुढे माळव्यात आला तेव्हा त्याने जुन्या जाणत्या माणसांकडून हा दिनक्रम विचारून लिहून ठेवला आहे. उजाडण्यापूर्वी घटकाभर उठणे, स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, अन्नदान, मग साधे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारनंतर सूर्यास्तापर्यंत दरबार. तेथे रयतेपैकी कोणीही येऊन गाऱ्हाणे सांगावे. सायंकाळी पुन्हा देवाजवळ बसणे, आणि त्यानंतर रात्री अकरापर्यंत पुन्हा कामकाज. दुःख आले म्हणून दरबार बंद राहिला नाही आणि दरबार आहे म्हणून पूजा चुकली नाही. बाईंची श्रद्धा अशी रोजच्या कामात मुरलेली होती.

देवळांची कामे याच वर्षांतली. काशीविश्वेश्वराचे देऊळ १६६९ साली पाडले गेले होते. ते पुन्हा उभे राहावे ही मल्हाररावांचीही इच्छा होती, पण त्यांच्या हातून ते झाले नाही. सुनेने १७८० च्या सुमारास शेजारच्या जागेत नवे देऊळ बांधून पुरे केले. सोमनाथाचे मूळ देऊळ भग्न होऊन पडलेले होते. बाईंनी १७८३ साली जवळच नवे देऊळ बांधून शिवलिंग तळघरातील गाभाऱ्यात स्थापन केले. १७८७ साली गयेचे विष्णुपद मंदिर झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराचाही त्यांनी जीर्णोद्धार केला. याखेरीज विहिरी, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे किती म्हणून सांगावीत. हा खर्च मुख्यतः खासगीतून होई. खासगी म्हणजे होळकरांच्या घरच्या बाईच्या नावे असलेले वेगळे उत्पन्न. ते गौतमाबाईंच्या मागे अहिल्याबाईंकडे आले होते. स्वतःच्या वाट्याचे द्रव्य त्यांनी दुसऱ्यांच्या गावच्या देवांसाठी वेचले.

दैवाला एवढ्यानेही समाधान नव्हते. मुक्ताबाईचा मुलगा नथ्याबा हाच काय तो आजीचा विसावा होता. ऐन तारुण्यात तो गेला. पाठोपाठ १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. सहासष्ट वर्षांच्या आईने लेकीच्या पायाशी बसून विनवले, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हणून सांगितले. सासऱ्यांच्या विनवणीने सून थांबली होती, पण आईच्या विनवणीने लेक थांबली नाही. चितेपर्यंत बाई चालत गेल्या. दोघांनी दोन बाजूंनी त्यांना धरून ठेवले होते. नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या, आणि तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही व शब्द उच्चारला नाही. साऱ्या राज्याचे अश्रू पुसणारी ही बाई त्या तीन दिवसांत पार मोडली होती. हे सांगितले नाही तर त्यांचे चरित्र खरे होणार नाही.

त्यानंतर त्या उठल्या आणि लेक-जावयाच्या स्मरणार्थ सुंदर छत्रीचे काम त्यांनी सुरू केले. दरबार पुन्हा भरू लागला. १७९३ साली लाखेरीस होळकरांच्या फौजेचा शिंद्यांकडून पराभव झाल्याची बातमी आली, तीही त्यांनी पचवली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरास, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांना स्तुतीची हाव नव्हती. एका ब्राह्मणाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा तो शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी नर्मदेत टाकण्यास सांगितले होते.

बाईंच्या मागे पोटचे कोणी उरले नाही. पुढे पंचवीस वर्षांच्या आत पेशवाई बुडाली, होळकरांचीही सत्ता इंग्रजांपुढे नमली. ज्या वाईट बातम्यांनी सारा मुलूख हवालदिल होत असे, त्या आज इतिहासाच्या पुस्तकात उरल्या आहेत. काशीला घंटा अजून वाजते, गयेस पिंड अजून पडतात, महेश्वरच्या घाटावर लोक अजून स्नान करतात.

बाईंच्या कामातील एक गोष्ट जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने ध्यानी धरण्यासारखी आहे. देऊळ बांधून त्या थांबत नसत. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती कायम चालावी म्हणून जमिनी व नेमणुका लावून देत. दूरदूरच्या देवस्थानांना गंगेचे पाणी नियमाने पोहोचते करण्याची व्यवस्था त्यांनी केली होती. कळस एका दिवशी चढतो. दिवा मात्र रोज लावावा लागतो. घरात सुतक असो, पीक बुडालेले असो, कानावर काहीही येवो, गावातल्या कोणी ना कोणी सांजेला येऊन तो लावला पाहिजे. वर्गणी देणाऱ्या व श्रमदान करणाऱ्या साऱ्या हातांनी एवढे जपले, तर ती त्या थोर माउलीची खरी पूजा होईल.

पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या स्मृतीस त्रिवार वंदन.