स्वतःची भाषा घडविणारे गुलाबराव महाराज

वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात, माधान नावाचे एक खेडे आहे. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पसरलेला हा सारा मुलूख काळ्या जमिनीचा आणि कपाशीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथील खेड्यांत पुस्तक दृष्टीस पडणे हीच अपूर्वाई होती. अशा त्या काळात, डोळ्यांना एकही अक्षर न दिसणाऱ्या माधानच्या एका तरुणाने चक्क एक नवी भाषा घडविली. त्यांचे नाव गुलाबराव गोंदुजी मोहोड. प्रज्ञा म्हणजे बुद्धी हेच ज्यांचे नेत्र, ते प्रज्ञाचक्षू. आणि प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज याच नावाने लोक त्यांना ओळखू लागले.

६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी या गावी त्यांचा जन्म झाला. मूल पुरते वर्षाचेही झाले नव्हते, तोच डोळ्यांचे दुखणे उद्भवले आणि त्यात त्याची दृष्टी कायमची गेली. पुढे चौथ्या वर्षी आई वारली. आजीने त्याला आपल्यापाशी ठेवून घेतले व मायेने वाढविले. सूर्य कसा उगवतो, आपल्या घराची भिंत कोणत्या रंगाची आहे, आईचा चेहरा कसा होता, यांतले काहीच त्या बालकाला आठवणे शक्य नव्हते. त्याच्या वाट्याला आले ते केवळ आवाज आणि स्पर्श.

त्याच सुमारास परदेशात अंधांसाठी वाचनाची सोय झालेली होती. फ्रान्समधील लुई ब्रेल याचे डोळे लहानपणी वडिलांच्या कारखान्यात आरी लागून गेले होते. त्याने कागदावर उठविलेल्या सहा टिंबांच्या मांडणीतून बोटांनी वाचता येईल अशी लिपी तयार केली आणि १८२९ साली ती प्रसिद्ध केली. परंतु आपल्या देशात अंधांची पहिली शाळा निघाली ती १८८७ साली, आणि तीही दूर अमृतसरला. माधानपर्यंत यांतले काहीच पोहोचले नाही. अक्षरांचे दार बंद, तेव्हा कानांचे दार सताड उघडावे, एवढीच वाट त्या मुलापुढे होती. जो कोणी वाचून दाखवील त्याच्याकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत आणि ऐकलेले पाठ करावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. स्मरणशक्ती विलक्षण होती. पुढे तर स्वतःला एक ओळही वाचता येत नसताना त्यांनी पुस्तकांचा मोठा संग्रह केला. पाहणाऱ्याला हे नवल वाटे. पण ज्याला तहान लागते तो विहिरीचा मालक होऊ पाहतो, यात नवल ते काय?

शब्द हेच ज्याचे सर्व धन, त्याला शब्दांशी खेळण्याचा छंद जडला नसता तरच आश्चर्य. मुले एकमेकांत ‘च’ची भाषा बोलतात, ती सर्वांना ठाऊक आहे. ‘पाणी’ म्हणायचे तर ‘चणीपा’ म्हणावयाचे, की मोठ्या माणसांना काही उमगू नये! परंतु ‘च’ची भाषा ही खरे पाहता वेश पालटलेली मराठीच होय. तिचे लिंग, वचन, काळ सारे मराठीचेच असतात. गुलाबरावांनी याच्या पलीकडे फार मोठी मजल मारली. त्यांनी जी भाषा निर्माण केली तिचे नाव ‘नावंग’, आणि तिला त्यांनी तिचे स्वतःचे व्याकरण दिले. व्याकरण रचणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. ‘मुलगा आंबा खातो’ या तीन शब्दांच्या वाक्यातसुद्धा खाणारा कोण, काय खाल्ले जाते, एक की अनेक, आज की काल, हे सारे ठरविणारे नियम दडलेले असतात. असे नियम एकामागून एक योजावे लागतात, आणि ते परस्परांशी भांडणार नाहीत याची चिंता वाहावी लागते. कागदावर टिपून ठेवून ही घडण करणाराही गोंधळून जाईल. गुलाबरावांना हा सर्व पसारा मनातल्या मनात मांडावा लागला.

योगायोग असा, की ज्या १८८७ साली अमृतसरला अंधांची शाळा निघाली, त्याच वर्षी पोलंडमधील वॉर्सा शहरात झामेनहॉफ या गृहस्थांनी ‘एस्पेरांतो’ ही नवी भाषा प्रसिद्ध केली. हे गृहस्थ व्यवसायाने नेत्रवैद्य होते!

भाषेप्रमाणेच गुलाबरावांनी एक लघुलिपीही तयार केली. लघुलिपी म्हणजे बोलण्याच्या वेगाने लिहून घेता यावे म्हणून योजलेल्या थोडक्या खुणांची लिपी. त्यांना स्वतःला लिहिता येत नसल्यामुळे त्यांचे सर्व लेखन ते सांगत आणि दुसरे कोणी उतरून घेई. त्यांचे विचार वेगाने धावत आणि लेखणी मागे राही, तेव्हा ही अडचण त्यांना किती जाणवली असेल हे सांगावयास नको. काव्यातही जुन्या वृत्तांवर त्यांचे समाधान झाले नाही; त्यांनी कित्येक नवी मात्रावृत्ते रचली. मोक्षपट नावाचा एक खेळही त्यांनी सिद्ध केला. मोक्षपट हा सापशिडीच्या जातीचा आपल्याकडील जुना खेळ. त्यात सद्गुणांच्या शिड्या वर नेतात आणि दुर्गुणांचे साप खाली ओढतात. गंभीर ग्रंथ सांगणाऱ्या महाराजांना पटावरच्या खेळाकडे वळावेसे वाटले, ही गोष्ट मोठी लोभस आहे.

पुढे त्यांचे चित्त पूर्णपणे भक्तीकडे लागले. १९०१ साली आपल्याला संत ज्ञानेश्वरांचा अनुग्रह झाला अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. परंतु त्यांची जिज्ञासा जुन्या ग्रंथांतच अडकून पडली नाही. डार्विन व स्पेन्सर या इंग्रज पंडितांची मतेही त्यांनी समजून घेतली आणि त्यांवर आपला अभिप्राय सांगितला. आयुर्वेद, संगीत, तत्त्वज्ञान अशा नाना विषयांवर त्यांचे शंभरांहून अधिक लहानमोठे ग्रंथ झाले. त्यांत संस्कृत, हिंदी आणि व्रज भाषेतील रचना आहेत, त्याचप्रमाणे घरच्या वऱ्हाडी बोलीतीलही आहेत.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. नावंग ही बाजारहाटाची भाषा कधी झाली नाही. त्यांच्या ग्रंथांचा व विचारांचा वारसा मात्र शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी पुढे चालविला.