तालाच्या खुणा
पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते वकील होते. परंतु त्यांचा जीव संगीतात रमे. त्या काळी चिजा गुरुमुखातूनच मिळत. गवई निवर्तला, की त्याच्याबरोबर कित्येक चिजाही लोपत. हे धन राखण्यासाठी भातखंड्यांनी देशभर हिंडून शेकडो चिजा लिहून घेतल्या. परंतु नुसत्या स्वरांनी भागेना; कोणता स्वर कोणत्या मात्रेवर, हे कळल्यावाचून गाणे उभे राहीना. म्हणून त्यांनी स्वरांखाली तालाच्या खुणा मांडल्या : समेला फुली, खालीला शून्य, इतर टाळ्यांना अंक. त्रितालाच्या १६ मात्रांत पहिलीवर सम येते, नववीवर खाली. १९३६ साली भातखंडे निवर्तले. त्या चिजा मात्र त्यांच्या पुस्तकांतून आजही शिकता येतात.