ऐकून घेणारा अधिकारी

अंदाधुंदीच्या कारभाराला 'मोगलाई' म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कोणाविषयी आकस नसतो. परंतु निजामाच्या मुलखालाही मराठी माणूस मोगलाईच म्हणत असे, आणि त्या मुलखात नांदेड-लातूरची माणसे राहत होती. एका शब्दाने आख्खा प्रदेश बदनाम होतो, तो असा. या मोगलाईतल्या निलंग्यास २७ ऑगस्ट १९१० रोजी सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म झाला.

हैदराबाद संस्थानात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या प्रजेचा कारभार उर्दूतून चाले. शिक्षण पुरे करून पगडी या संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले, तेव्हा उर्दू लिहिता येणे हीच अधिकाऱ्याची भाषिक लायकी मानली जात होती. प्रजेची भाषा येणे ही फार तर हौस.

आदिलाबाद जिल्ह्यात या व्यवस्थेचे परिणाम भयंकर झाले होते. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होता. राखीव जंगलांच्या नावाखाली गोंडांची आणि कोलामांची वस्ती हटविली जात होती. उरलेली जमीन कागद वाचता येणाऱ्यांच्या नावे चढत होती. गोंडाची तक्रार उर्दूत लिहिली जाई. ती लिहिणारा पुष्कळदा त्याच्याच विरुद्ध बाजूचा असे. १९४० साली कोमराम भीम यांचे बंड गोळीबाराने मोडल्यावर सरकारला जाग आली, आणि मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे चौकशीचे काम आले. त्यानंतरच्या काळात पगडी आदिवासींच्या कामावरील अधिकारी म्हणून या डोंगरांत वावरले.

त्यांनी दुभाषा बाजूला सारला आणि ते गोंडी शिकले. पुढे कोलामीही. दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. हे वाचायला सोपे वाटते. पण गोंडी ही 'जंगली बोली' असून तिला व्याकरण ते कसले, असे समजणाऱ्या कचेरीत बसून हे काम करायचे होते. वस्तुतः गोंडी ही तेलुगू-कन्नडच्या कुळातील स्वतंत्र द्राविडी भाषा आहे. 'गोंड' हे नावदेखील बाहेरच्यांनी दिलेले; ते लोक स्वतःला कोइतूर म्हणवतात. ज्याला त्याचे नावही विचारले नाही त्याचा सातबारा आपण बिनचूक लिहू, असे मानणे हा केवढा भाबडेपणा!

पगडींना निव्वळ वीरपुरुष ठरविण्याचे कारण नाही. ज्या सरकारने जंगले बंद केली त्याच सरकारचे ते नोकर होते. गोंडांना पट्टे देण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा. परंतु त्या जिल्ह्यातील जमिनी पुढेही बाहेरून आलेल्यांच्या हाती जातच राहिल्या. एका अधिकाऱ्याच्या कानांनी होण्यासारखे ते काम नव्हते.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते गॅझेटियर विभागात आले. गालिब, इकबाल यांना मराठीत आणणारे पगडी मराठी वाचकास अधिक परिचित आहेत. मोगल दरबारची बातमीपत्रे आणि भीमसेन सक्सेनाची फारसी तवारीख मराठीत आणून त्यांनी शत्रूच्या लेखणीतील मराठ्यांचे चित्र मराठी माणसापुढे ठेवले. ते वाचताना एक गंमत ध्यानात येते. 'गनीम' म्हणजे शत्रू, आणि मोगलांच्या कागदांत हा गनीम म्हणजे मराठे. गनिमी कावा हा शब्द आपण आज अभिमानाने मिरवितो, तो मुळात मोगलांच्या बाजूने उभे राहून उच्चारलेला शब्द आहे. मोगलाई हा हिणविणारा शब्द आपण दुसऱ्याला दिला आणि हिणविणारा गनीम स्वतःसाठी घेऊन भूषण केला. शब्दांची ही ये-जा ओळखायला फारसी यावी लागते आणि गोंडीही.

१९९२ साली पद्मभूषण मिळालेले पगडी १४ ऑक्टोबर १९९४ रोजी निवर्तले. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी 'जीवनसेतू' असे नाव दिले होते.