अब्राहम लिंकनची सावत्र आई

सावत्र आई म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें ध्रुवाची सुरुचि उभी राहते. बापाच्या मांडीवर बसूं पाहणाऱ्या बाळास तिनें दूर लोटलें, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि तेव्हांपासून त्या नात्यासच जणूं काळा डाग लागून राहिला आहे. पण आईवेगळ्या पोरास पोटाशीं धरून त्याला माणसांत आणणाऱ्या सावत्र मातांचीं नांवें सहसा कोणी घेत नाहीं. अशाच एका मातेचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेंतील गुलामांच्या बेड्या तोडणारे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचें नांव आपल्या शाळेंतील मुलांस ठाऊक आहेच. त्या देशांतील गुलाम मुक्त झाले, या गोष्टीचा आनंद महाराष्ट्रापर्यंत पोंचला होता. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक तें कार्य करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. परंतु ज्या निरक्षर शेतकरणीनें लिंकन यांस वाढविलें, तिचें नांव थोड्यांसच माहीत असेल. तिचें नांव सारा बुश लिंकन.

साराबाईंचा जन्म १३ डिसेंबर १७८८ रोजीं, पुढें ज्यास केंटकी संस्थान म्हणूं लागले त्या मुलखांत झाला. वडिलांचें नांव ख्रिस्तोफर बुश. १८०६ सालीं त्यांचें लग्न डॅनियल जॉन्स्टन नांवाच्या गृहस्थाशीं झालें. हे गृहस्थ एलिझाबेथटाऊन या गांवीं तुरुंगाधिकारी होते. १८१६ सालीं ते वारले, आणि एलिझाबेथ, मटिल्डा व जॉन अशीं तीन मुलें व कांहीं कर्ज एवढाच संसार साराबाईंच्या पदरीं राहिला.

त्याच गांवीं थॉमस लिंकन नांवाचा एक सुतार पूर्वीं राहत असे. त्याचेंहि लग्न १८०६ सालींच नॅन्सी हँक्स हिच्याशीं झालें होतें. त्यांना सारा ही मुलगी व अब्राहम हा मुलगा झाला. १८१६ च्या हिवाळ्यांत हें कुटुंब ओहायो नदी ओलांडून इंडियाना संस्थानांतील घनदाट रानांत गेलें. तेथें झाडें तोडल्यावांचून शेत नव्हतें, आणि ओंडक्यांवर ओंडके रचल्यावांचून घर नव्हतें. दोन वर्षें होतात न होतात तोंच त्या वस्तींत एक भयंकर रोग आला. लोक त्यास दुधाचा आजार म्हणत. रानांतील एक विषारी वनस्पति गाईंनीं खाल्ली म्हणजे तिचें विष दुधांत उतरतें, हें शास्त्रज्ञांनीं पुढें विसाव्या शतकांत सिद्ध केलें. त्या काळीं हें कारण तेथें कोणासच उमगलें नव्हतें. ५ ऑक्टोबर १८१८ रोजीं नॅन्सीबाई त्या रोगास बळी पडल्या. तेव्हां अब्राहम अवघा ९ वर्षांचा होता. घर सांभाळण्याचा भार ११ वर्षांच्या मुलीवर आला. नॅन्सीबाईंचा तरुण नातलग डेनिस हँक्स हाहि त्यांच्यांतच राहत असे, कारण त्याचे पालकहि त्याच रोगानें गेले होते.

वर्षभर त्या घराचे असे हाल चालले. अखेरीस थॉमस केंटकींत परत गेला व त्यानें साराबाईंस लग्नाची मागणी घातली. डोक्यावर कर्ज असतां मला गांव सोडतां येत नाहीं, असें त्यांनीं त्यास कळविलें. तेव्हां थॉमसनें तें कर्ज फेडलें, असें सांगतात. २ डिसेंबर १८१९ रोजीं त्यांचा विवाह झाला. चार घोड्यांच्या गाडींत सामान व तीन मुलें घालून साराबाई इंडियानाच्या रानाकडे निघाल्या.

तेथें त्यांनीं काय पाहिलें? मळलेलीं, फाटक्या वस्त्रांतील दोन पोरकीं मुलें, आणि फळ्यांच्या जमिनीवांचून उभी असलेली एक झोपडी. साराबाईंनीं प्रथम मुलांस न्हाऊंमाखूं घालून धड कपडे दिले. मग नवऱ्याच्या मागें लागून झोपडींत फळ्यांची जमीन करविली आणि दार बसवून घेतलें. आपल्याबरोबर आणलेलें अक्रोडाच्या लांकडाचें कपाट व पिसांच्या गाद्या त्यांनीं सर्वांच्याच उपयोगास लावल्या. तीं मुलें पूर्वीं पाल्यावर किंवा कातड्यावर निजत. आतां त्यांस मऊ अंथरूण मिळालें.

एका खोलींत आतां आठ माणसें झालीं. त्यांत हिचीं मुलें, त्याचीं मुलें आणि एक दूरचा नातलग. अशा घरांत भांडणास कारण शोधावें लागत नाहीं. भाकरीचा एक तुकडा, एक कांबळें, एक कडू शब्द एवढ्यानेंहि दोन तट पडतात. परंतु साराबाईंनीं आपलें आणि परकें असा भेद पडूं दिला नाहीं; सर्व मुलांस त्या एकाच मायेनें वागवीत. १८२१ सालीं डेनिसचें लग्न त्यांच्याच मुलीशीं, एलिझाबेथशीं झालें, आणि दोन घरांची एक सोयरीक पक्की झाली. १८२३ सालीं पतिपत्नी तेथील बाप्तिस्त मंडळींत सामील झालीं.

आतां आमच्या मतें या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट सांगतों. साराबाईंस लिहितां वाचतां येत नव्हतें. सहीच्या जागीं त्या फुली काढीत. थॉमसलाहि आपलें नांव कसेंबसें गिरवतां येई तेवढेंच. मुलानें कुऱ्हाड धरावी, नांगर धरावा, ही बापाची अपेक्षा. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ती गैर नव्हती. पण अब्राहमचें मन पुस्तकांत असे. साराबाईंनीं नवऱ्याची समजूत घातली. मुलगा वाचीत बसला असतां त्यास कोणीं उठवावयाचें नाहीं, त्याचें त्यालाच थांबूं द्यावयाचें, असा त्या घराचा शिरस्ता पडला. आवडलेला उतारा अब्राहम कागद नसल्यास फळीवर लिहून ठेवी व कागद मिळाला म्हणजे वहींत उतरून घेई. त्याचें शाळेंतील शिक्षण सारें मिळून वर्षभराचेंहि भरलें नाहीं. बाकीची शाळा त्या झोपडींतच भरली, आणि तिचें दार एका निरक्षर स्त्रीनें उघडें ठेविलें.

पुढें १८२८ सालीं अब्राहमची बहीण बाळंतपणांत वारली. १८३० सालीं सर्व कुटुंब, लेकीजांवयांसह तेरा माणसें, बैलगाड्यांनीं इलिनॉय संस्थानांत गेलें. पुढच्या वर्षीं अब्राहम घर सोडून आपल्या पायांवर उभा राहिला व यथाकाल वकील झाला. बापाशीं त्याचें फारसें सूत जमलें नाहीं. १८५१ सालीं थॉमस वारला तेव्हां लिंकन अंत्यविधीस गेले नाहींत. थोर पुरुषाचें चरित्र म्हणून ही गोष्ट लपवावी, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु सावत्र आईस ते विसरले नाहींत. १८४१ सालींच त्यांनीं वडिलांकडून ४० एकर जमीन २०० डॉलर देऊन विकत घेतली होती, आणि ती आईबापांनीं हयातभर भोगावी अशी तजवीज केली होती. पुढें सावत्र भावानें ती विकण्याचा विचार काढला, तेव्हां आईचा आधार तुटेल म्हणून लिंकन यांनीं तो साफ नाकारला.

अध्यक्षपदीं निवडून आल्यावर, राजधानीस जाण्यापूर्वीं, १८६१ च्या जानेवारीअखेर ते मुद्दाम या वृद्ध मातेच्या भेटीस गेले. निरोप देतांना, हा मुलगा पुन्हां दृष्टीस पडणार नाहीं, अशी भीति त्या माउलीच्या मनांत आली. ती खरी ठरली. १८६५ च्या एप्रिलांत लिंकन यांचा खून झाला. त्याच वर्षीं त्यांचे वकिलींतील भागीदार विल्यम हर्नडन साराबाईंस भेटावयास गेले. पोटचा मुलगा जॉन व अब्राहम दोघेहि चांगले होते. पण आपण पाहिलेल्या सर्व मुलांत अब्राहम उत्तम, असें त्यांनीं हर्नडन यांस सांगितलें. १८६९ सालीं साराबाई निवर्तल्या. इलिनॉयमध्यें पतीच्या शेजारीं त्यांस मूठमाती मिळाली.

साराबाईंनीं ना व्याख्यान दिलें, ना पुस्तक लिहिलें. त्यांनीं एका पोरक्या मुलास समान घांस दिला आणि वाचावयास सवड दिली. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आईस अक्षरओळख नसेल. कित्येकांच्या घरीं आई सावत्र असेल. त्या मुलांनीं मन खट्टू करूं नये. आणि पालकहो, घरांत एखादें मूल दिव्याशीं पुस्तक घेऊन बसलें असेल, तर त्यास कामास हांक मारण्यापूर्वीं या शेतकरणीची आठवण करावी, एवढीच आमची विनंती आहे.